राजवस्त्रं आणि रेशीम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पैठणी, किनखाप (जरीनं भरलेलं जड रेशमी कापड), खिलत (राजानं मान म्हणून दिलेलं वस्त्र) आणि 'पेशवाईची वस्त्रं' या विषयांवर वाचक जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला सोपे, पुढे अडचणीचे. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे पुन्हा लागला तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. राजवस्त्र म्हणजे नक्की काय? राजानं घातलेला कोणताही कपडा का?

तेवढंच नाही. राजाच्या अंगावरचं कापड, राजानं दुसऱ्याला दिलेलं कापड आणि राजाच्या भोवतीचं कापड (तंबू, चांदवा, मसनदीवरची गादी, हत्तीची झूल) हे सगळं त्यात येतं. संग्रहालयात गर्दी पहिल्या प्रकारापाशी असते. सत्तेचं राजकारण मात्र बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारातून चालायचं. कोण काय नेसला यापेक्षा कुणी कुणाला काय दिलं आणि घेणाऱ्यानं ते कसं घेतलं, यावर तह व्हायचे आणि मोडायचेही. म्हणूनच या पानावरचे बरेच प्रश्न देण्याघेण्याचेच आहेत.

२. सत्ता दाखवायला रेशीमच का? सोनं, हिरे-माणकं होतीच की.

दागिना जवळून दिसतो, कापड लांबून. दरबारात शंभर पावलांवर उभ्या असलेल्या शिलेदाराला राजाच्या बोटातला हिरा दिसत नाही. जरीच्या जाम्यावर (लांब अंगरख्यावर) मशालीचा उजेड खेळताना मात्र दिसतो. रेशमाच्या तंतूचा छेद साधारण त्रिकोणी असतो, त्यामुळे त्यावरून प्रकाश परततो. रंगही त्यावर सुतापेक्षा गडद आणि झळाळता चढतो.

शिवाय रेशमाचा धागा बारीक असूनही चिवट. त्याच्याभोवती सोन्याचांदीचा पत्रा गुंडाळला तरी तो तुटत नाही (जरीबद्दल प्रश्न १२ पाहा). एका कोशातून शेकडो मीटर अखंड तंतू निघतो, पण तो इतका बारीक की अनेक कोशांचे तंतू एकत्र केल्याशिवाय विणण्याजोगा धागा होत नाही. म्हणजे राजाच्या अंगावर किती माणसांची किती महिन्यांची मेहनत आहे, हे न सांगता कळायचं.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आहे जी पाश्चात्त्य अभ्यासकांच्या लिखाणात हमखास निसटते: सोवळं. कद, मुकटा, पीतांबर नेसून पूजेला बसणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. मनुस्मृतीत रेशमी वस्त्राच्या शुद्धीचा वेगळा नियम दिलेला आहे. तेच वस्त्र देवघरातही चालतं आणि दरबारातही, ही सोय राजाला फार मोलाची होती, कारण त्याला दोन्हीकडे मिरवायचं असे. कोश उकळताना किडा मरतो म्हणून अनेक जैन रेशीम टाळतात. हा आक्षेप जुना आहे आणि त्याला सरळ उत्तर कुणी दिलेलं नाही.

३. रेशीम चीनमधून आलं ना? मग त्याला भारतीय परंपरा कसं म्हणायचं?

तुतीवरचं रेशीम आणि ते सलग उकलण्याचं तंत्र यांत चीनचा वडीलकीचा मान निर्विवाद आहे. पण टसर, मुगा आणि एरी ही रानरेशमं इथलीच. हडप्पा आणि चन्हुदडो इथल्या दागिन्यांना चिकटलेले धागे तपासले, तेव्हा ते रानरेशमाचे निघाले. ते चार हजार वर्षांहून जुने आहेत.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या कोशात (खजिन्यात) ठेवायच्या मौल्यवान वस्तूंत 'कौशेय' आणि 'चीनपट्ट' अशी दोन वेगळी नावं येतात. म्हणजे देशी माल आणि परदेशी माल यांतला फरक कोशाध्यक्षाला ठाऊक होता, आणि दोन्ही ठेवण्याजोगे वाटत होते. म्हैसूरचं तुती-रेशीम तर त्या मानानं अगदी अलीकडचं. टिपू सुलतानानं अठराव्या शतकाच्या अखेरीस रेशीमकिड्यांची पैदास तिथे सुरू केली.

४. खिलत, सरोपा, शिरपाव, पोशाख, वस्त्रं: हे सगळं एकच का?

व्यवहारात एकच चाल, दरबार वेगवेगळे. मोगलांकडे खिलत किंवा सरोपा, मराठी कागदांत शिरपाव, पोशाख, वस्त्रं. पागोटं किंवा मंदिल, अंगावरचा जामा, कमरेचा पटका, खांद्यावरचा शेला असा तो संच. कपड्यांची संख्या ठरलेली असे: तीन, पाच, सात. त्यावर शिरपेच, तलवार, घोडा, हत्ती असं वाढत जाई. मराठी दफ्तरांत ही मोजणी 'सनगे' अशी येते. यादी वाचताना सनगे किती आणि किनखाप आहे की साधं कापड, एवढं पाहिलं की समोरच्याची पत कळते.

सर्वात वरची खिलत म्हणजे बादशहानं स्वतःच्या अंगावर घातलेलं वस्त्र. त्यामागची समजूत अशी की वस्त्राबरोबर देणाऱ्याच्या अंगचा अधिकारही थोडा घेणाऱ्याकडे जातो. घेणारा ते तिथेच अंगावर चढवून मुजरा करायचा. ते अंगावर घेणं म्हणजे चाकरी मान्य करणं. न घेणं म्हणजे काय, ते प्रश्न ६ मध्ये आहे.

एवढे कपडे तयार ठेवायला खातं लागतं. मोगलांचा तोशाखाना, मराठ्यांच्या अठरा कारखान्यांतला जामदारखाना, ही ती खाती.

५. 'पेशवाईची वस्त्रं मिळाली' असं पुस्तकात असतं. खरोखर वस्त्रं द्यायचे, की नुसता बोलण्याचा प्रघात?

खरोखर द्यायचे, आणि त्याशिवाय पेशवा पेशवा होत नसे. १७१३ मध्ये शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना मांजरीच्या मुक्कामी वस्त्रं दिली, १७२० मध्ये बाजीरावांना. पुढे सगळा कारभार पुण्याला आला, छत्रपती साताऱ्यात नावापुरते उरले, तरी वस्त्रं साताऱ्याहूनच यायला लागत. १७६१ साली, पानिपतच्या धक्क्यानंतर नानासाहेब वारले, तेव्हा थोरल्या माधवरावांनाही ती तिथूनच घ्यावी लागली.

या रिवाजाची हद्द १७७४ मध्ये दिसते. नारायणरावांच्या खुनानंतर पुरंदरावर सवाई माधवरावांचा जन्म झाला आणि जेमतेम ४० दिवसांचं ते मूल असताना त्याच्या नावानं पेशवाईची वस्त्रं आणली गेली. तान्ह्या पोराला जामा-मंदिल काय होणार! पण बारभाईंना (नाना फडणवीसांसह एकवटलेल्या कारभाऱ्यांना) राघोबादादांविरुद्ध जे हवं होतं ते त्या कापडातच होतं. सैन्य, पैसा, मुत्सद्दी सगळं पुण्यात असूनही कायदेशीरपणाची गाठोडी साताऱ्याहून यावी लागते, यातच मराठी राज्यव्यवस्थेचं मर्म आहे असं मला वाटतं.

दुसरा प्रसंग १७९२ चा. महादजी शिंदे दिल्लीहून बादशहा शाह आलमची वकील-इ-मुतलकीची (बादशहाच्या सर्वाधिकारी प्रतिनिधीच्या पदाची) सनद आणि वस्त्रं घेऊन पुण्याला आले. पेशव्यानं ती घ्यावीत की नाही, यावर नाना फडणवीसांनी आढेवेढे घेतले. कारण उघड होतं: छत्रपतींचा पेशवा बादशहाची वस्त्रं अंगावर घालतो तेव्हा तो नेमका कुणाचा चाकर? अखेर साताऱ्याची संमती आणून समारंभ झाला.

६. आग्र्याच्या दरबारात शिवाजी महाराज खिलतीवरून रागावले, हे खरं आहे का?

रागाचं कारण एकच नव्हतं, पण खिलत त्यात होती. १२ मे १६६६ रोजी औरंगजेबाच्या वाढदिवसाचा दरबार होता. आंबेरच्या (पुढच्या जयपूरच्या) राजघराण्याच्या माणसांनी त्या वेळी लिहिलेली राजस्थानी पत्रं उपलब्ध आहेत, त्यांवरून क्रम कळतो. महाराजांना मागच्या रांगेत उभं केलं होतं. खिलती वाटल्या गेल्या त्या शहजाद्यांना, वजीर जाफरखानाला आणि जोधपूरच्या जसवंतसिंहाला. महाराजांना मिळाली नाही. ते संतापून रांगेतून बाहेर पडले. मग त्यांची समजूत काढायला खिलत देऊ केली, तेव्हा त्यांनी ती अंगावर घालायला साफ नकार दिला.

आदल्या वर्षी पुरंदरच्या तहानंतर बादशाही फर्मान आणि खिलत आली, तेव्हा महाराजांनी ती रिवाजाप्रमाणे सामोरं जाऊन घेतली होती. म्हणजे त्यांना रीत माहीत नव्हती, हा काही इंग्रजी लेखकांचा सूर टिकत नाही. रीत पुरती ठाऊक होती, म्हणूनच न मिळण्याचा अर्थ कळला आणि नाकारण्याचा अर्थही.

६ जून १६७४ ला रायगडावर राज्याभिषेक झाला आणि देणं-घेणं उलटलं. अष्टप्रधानांना मानाची वस्त्रं देणारे आता ते स्वतः होते. छत्र-सिंहासनाची चर्चा खूप होते, पण वस्त्रं देण्याचा हक्क हीसुद्धा स्वतंत्र राजाची तितकीच ठळक खूण होती.

७. सामान्य माणसाला रेशीम घालायला बंदी होती का?

सरसकट बंदी नव्हती. किंमतच पुरेशी बंदी होती. मात्र ठरावीक प्रकार राखून ठेवलेले असत. जहांगीरनं आत्मचरित्रात स्वतः लिहून ठेवलंय की काही पेहराव त्यानं आपल्यासाठी राखले आणि ज्याला तो देईल त्यानंच ते घालावेत असा हुकूम काढला. त्या यादीत नादिरी नावाचा बिनबाह्यांचा अंगरखा, तूसची (तलम लोकरीची) शाल, गुजराती अतलसाची (साटीनची) किनार लावलेला कबा म्हणजे लांब अंगरखा आणि रेशमात सोन्याचांदीच्या तारा विणलेला चिरा (पागोटं) व कमरपट्टा आहे. बादशहा शिंप्याच्या बारकाईनं हे लिहितो, ते वाचण्यासारखं आहे.

आसामात अहोम राजवटीत सोनेरी मुगा रेशीम राजघराणं आणि बड्या सरदारांपुरतं राखलं होतं. मुग्याला रंगवावं लागत नाही, तो मुळातच सोनेरी असतो आणि धुवून धुवून अधिक चमकतो. तंबूच्या रंगावरच्या बंधनासाठी प्रश्न १७ पाहा.

८. इस्लाममध्ये पुरुषांना रेशीम वर्ज्य आहे. मग सुलतान-बादशहा ते कसं घालायचे?

काही सरळ घालायचे आणि त्याची चर्चा होऊ द्यायचे नाहीत. बाकीच्यांसाठी विणकरांनी वाट काढली: मशरू. ताणा (उभे धागे) रेशमाचा, बाणा (आडवे धागे) सुताचा, वीण अतलसाची. त्यामुळे वर नुसतं रेशीम दिसतं आणि अंगाला लागतं ते सूत. मशरूचा तुकडा हातात घेऊन उलटा केला की लगेच कळतं: एका बाजूला लकाकी, दुसऱ्या बाजूला धोतरासारखा साधेपणा. उन्हाळ्यात घाम टिपला जातो हा वरचा फायदा.

आपल्याकडचा हिमरू याच कुळातला. रेशीम आणि सूत मिळून विणलेलं, किनखापासारखं दिसणारं पण स्वस्त आणि उबदार कापड. महंमद तुघलकानं १३२७ च्या सुमारास राजधानी दौलताबादला हलवली, तिच्याबरोबर कारागीर आले आणि हिमरू इथे रुजला, असं छत्रपती संभाजीनगरचे विणकर सांगतात.

९. ही वस्त्रं विणायचं कोण? विणकरांना काय मिळायचं?

मंदसोरचा शिलालेख याचं सगळ्यात सुंदर उत्तर देतो. लाट प्रदेशातून, म्हणजे दक्षिण गुजरातेतून, रेशीम विणणाऱ्यांची एक श्रेणी (कारागिरांचा संघ) दशपूरला (आजचं मंदसोर) स्थायिक झाली. त्यांनी इ.स. ४३६ च्या सुमारास सूर्यमंदिर बांधलं आणि ४७३ मध्ये त्याची दुरुस्ती केली. वत्सभट्टीनं रचलेल्या त्या प्रशस्तीत विणकर दबलेले दिसत नाहीत. काही जण तर विणकाम सोडून ज्योतिषाकडे, काही शस्त्राकडे वळले होते. आणि त्यांनी आपल्या मालाची जाहिरात तिथेच कोरून ठेवलीय: रूप, तारुण्य, दागिने सगळं असलं तरी रेशमी वस्त्रांची जोडी नेसल्याशिवाय स्त्री प्रियकराला भेटायला जात नाही. पंधराशे वर्षांपूर्वीची जाहिरात, तीही देवळाच्या भिंतीवर.

मोगल काळात चित्र वेगळं होतं. अकबरानं लाहोर, आग्रा, फतेहपूर, अहमदाबाद इथल्या कारखान्यांत उस्ताद बसवले, असं ऐन-इ-अकबरी सांगतं. तिथे काम कायमचं मिळे, पण बाजार हातातून जाई.

राजे विणकर पळवायचेही. गुजरातेतल्या पाटणच्या पटोळ्याची (धागे आधी रंगवून विणलेल्या रेशमी वस्त्राची) कथा आपल्या जालन्याशी जोडलेली आहे. पाटणची परंपरा सांगते ती अशी: बाराव्या शतकात सोळंकी राजा कुमारपाल पूजेला रोज नवं पटोळं नेसायचा. जालन्याचा राजा पटोळी आधी स्वतः वापरतो आणि मग विकतो, हे त्याला कळलं. उष्टं वस्त्र देवापुढे कसं चालणार? म्हणून त्यानं साळवी विणकरांची ७०० कुटुंबं पाटणला आणवली. आकडा परंपरेचा आहे, शब्दशः धरू नये. पण कापड मागवता येत असताना विणकरच उचलून आणणं, हा सत्तेचा खाक्या त्यात बरोबर दिसतो. पुढे हीच पटोळी डच ईस्ट इंडिया कंपनी इंडोनेशियातल्या राजांना नजराणा म्हणून द्यायची, आणि जावाच्या दरबारात ती मानाचं वस्त्र होऊन बसली.

१०. पैठणी आणि किनखाप यांत फरक काय? दोन्ही जरीचेच तर आहेत.

उलटी बाजू पाहा. किनखापात मूळ कापड वेगळं विणलं जातं आणि नक्षीसाठी जादा बाणा घातला जातो; हा धागा मागच्या बाजूला मोकळा लोंबतो किंवा कापलेला दिसतो. अस्सल पैठणीत जादा धागा नसतोच. पदरावर प्रत्येक रंगासाठी वेगळी कांडी असते. पोपटाच्या हिरव्या पंखाची कड संपली की हिरवा धागा तिथेच शेजारच्या जरीच्या धाग्यात अडकून परत फिरतो. त्यामुळे मागून पाहा की पुढून, पोपट तोच. बोटानं चाचपलं तरी गाठ लागत नाही. भरगच्च पदराचं काम दिवसाला काही बोटंच पुढे सरकतं.

किनखाप ताठ आणि जड, म्हणून जामा, गादी, पडदा यांना शोभतो. पैठणी अंगाला लपेटते. पेशव्यांच्या घरी शेले, दुपट्टे, पागोटी यांसाठी पैठणचा माल जायचा; पैठणी म्हणजे फक्त साडी, हे समीकरण नंतरचं.

११. पैठणी सातवाहनांच्या काळापासून चालत आली आहे ना?

पैठण सातवाहनांची राजधानी होती, हे पक्कं. पण त्या काळचं कापड एकही हाती आलेलं नाही, आणि आजच्या पैठणीशी थेट धागा जोडायला पुरावा नाही. 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवृत्तात पैठणहून भडोचला जाणारा माल दिला आहे, तो म्हणजे गोमेदासारखे दगड. कापड जायचं ते तगरहून, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातल्या तेरहून, आणि तेही सुती. दुकानातल्या 'दोन हजार वर्षांची परंपरा' या पाटीकडे कौतुकानं पाहावं आणि पुढे जावं.

ठामपणे बोलता येतं ते उत्तर मध्ययुगाबद्दल. जुन्या नगांवर वेली, फुलं, असावली (फुलवेलीची नक्षी) जास्त दिसते. आजच्या बाजारात मोराचं जे राज्य आहे ते त्या मानानं अलीकडचं.

१२. जर म्हणजे खरं सोनं का?

खरी जर म्हणजे चांदी. चांदीची तार ओढून केसासारखी बारीक करायची, ठोकून चपटी करायची, रेशमी धाग्याभोवती गुंडाळायची आणि वर सोन्याचा मुलामा. हाच कलाबतू. सुरत हे त्याचं मोठं केंद्र. नकली जरीत आत तांबं असतं किंवा आता सरळ प्लॅस्टिक. कडेचा एक धागा सोडवून नखानं खरवडला तर पांढरं की तांबूस, हे दिसतं.

चांदी वितळवून परत मिळवता येते, यानंच असंख्य राजवस्त्रांचा घात झाला. 'जुनी जर देता का' म्हणत दारोदार फिरणारे आपल्या आजीच्या पिढीला चांगले आठवतात.

१३. राजे एक वस्त्र एकदाच घालायचे, हे खरं?

विजयनगरबद्दल नुनिश या पोर्तुगीज घोडेव्यापाऱ्यानं असंच लिहिलंय. त्याच्या थोडं आधी आलेल्या पायेश या दुसऱ्या पोर्तुगीजानं कृष्णदेवरायाला प्रत्यक्ष पाहिलं होतं: सोन्याच्या गुलाबांची नक्षी असलेली पांढरी वस्त्रं, डोक्यावर जरीची उंच टोपी आणि पाय अनवाणी. टोपी ती 'कुल्लायी'. राजा दक्षिणेतला, टोपीची धाटणी मुसलमानी दरबारातली. त्या वेळच्या दख्खनेत यात कुणाला विसंगती वाटत नव्हती.

बाकी ठिकाणी उतरलेलं वस्त्र फेकलं जात नसे. ते खिलत म्हणून जाई (प्रश्न ४), देवळात जाई किंवा वितळवलं जाई.

१४. विषारी खिलत देऊन मारल्याच्या कथा खऱ्या का?

जसवंतसिंहाचा मुलगा पृथ्वीसिंह याला औरंगजेबानं विष लावलेली खिलत दिली आणि तो मेला, अशी कथा राजस्थानात प्रसिद्ध आहे. पुरावा नाही. सुक्या कापडातून कातडीवाटे माणूस तासाभरात मरेल, हे पटणारंही नाही. कथा टिकली ती नाकारता न येणाऱ्या भेटीची भीती खरी होती म्हणून.

१५. साधेपणानं वागून सत्ता दाखवणारे राजे नव्हते का?

होते, आणि महाराष्ट्राला त्यांतली दोन नावं जवळची आहेत. अहिल्याबाई होळकर स्वतः साध्या पांढऱ्या वस्त्रांत राहिल्या, पण महेश्वरला विणकर आणून वसवले. तिथलं कापड पाहुण्या राजेरजवाड्यांना भेट म्हणून जायचं. वर प्रश्न १ मध्ये म्हटलं तेच: नेसणं दुय्यम, देणं महत्त्वाचं.

दुसरे सयाजीराव गायकवाड. १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात सगळे संस्थानिक रेशीम-जवाहिरात मढून पंचम जॉर्जपुढे गेले. सयाजीराव साध्या पांढऱ्या पोशाखात, दागिन्यांविना गेले आणि मुजरा करून पाठ फिरवून परतले. इंग्रजी वर्तमानपत्रांत गहजब झाला. त्यांनी नंतर खुलासा केला. पण तो पोशाख चुकून घातला गेला असेल, हे मला काही पटत नाही. बडोद्याच्या जामदारखान्यात किनखापांची वाण नव्हती.

१६. इंग्रजांनी ही प्रथा बंद केली का?

आधी उचलली, मग पोकळ केली. कंपनीचे अधिकारी खिलती घ्यायचे आणि द्यायचेही. पण त्यांच्या लेखी ती लाच किंवा किमतीची वस्तू. म्हणून आलेली भेट तोशाखान्यात जमा करायची, किंमत लावायची आणि तेवढ्याच किमतीची दुसरी काढून द्यायची असा हिशेबी कारभार सुरू झाला. अंगावरून अंगावर जाणारं वस्त्र वहीतली नोंद बनलं.

१९०३ च्या दिल्ली दरबारात व्हाइसरॉय कर्झनच्या पत्नीनं घातलेला मोरपिसांच्या नक्षीचा झगा याच गोष्टीचं टोक आहे. भरतकाम दिल्लीच्या कारागिरांचं, शिवण पॅरिसची. मोगलांचं मयूरासन लालसेनं पाहणाऱ्या सत्तेनं ते अंगावर ओढून घेतलं होतं. तो झगा आता इंग्लंडमधल्या केडलस्टन हॉलमध्ये आहे.

१७. राजवस्त्र म्हणजे रेशीमच, असं धरायला हरकत नाही ना?

हरकत आहे. तूसची शाल लोकरीची. ढाक्याची मलमल सुती, तीही बादशाही. टिपूचा म्हणून ओळखला जाणारा, आता वेल्समधल्या पोइस किल्ल्यात असलेला तंबू छापील सुती कापडाचा आहे. जोधपूरच्या मेहरानगडावरचा लाल डेरा मात्र खरोखर रेशमी मखमलीचा, सोन्याच्या भरतकामाचा, सतराव्या शतकातला. मोगल छावणीत लाल तंबू बादशहाचा, इतरांना तो रंग नाही. हजारो तंबूंच्या छावणीत सरकार कुठे आहे हे विचारावं लागू नये, असा त्यातला रोकडा हेतू.

१८. देवाची वस्त्रं आणि राजाची वस्त्रं यांचा संबंध आहे का?

देव हा राजाच. त्याला पोशाख चढतो, छत्र-चामरं असतात. आजही नवरात्रात तिरुपतीहून कोल्हापूरच्या अंबाबाईला शालू येतो, तो एका दरबारातून दुसऱ्या दरबारात जाणाऱ्या मानाच्या वस्त्रासारखाच मिरवत नेला जातो.

आसामची वृंदावनी वस्त्रं याचं जुनं उदाहरण. सोळाव्या शतकात श्रीमंत शंकरदेवांच्या देखरेखीखाली, कोच राजघराण्यातल्या चिलारायच्या इच्छेवरून कृष्णलीला रेशमात विणल्या गेल्या. त्या परंपरेतलं नऊ मीटरहून लांब एक वस्त्र ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. बारा पट्ट्या जोडून केलेलं हे कापड १९०४ मध्ये मिळालं ते तिबेटात, एका मठाजवळ. वैष्णवांचं कापड बौद्धांकडे कसं पोचलं, हा वेगळ्या पानाचा विषय.

१९. आमच्या घरी पणजीचा शालू आहे, तो संस्थानातून आलेला असं सांगतात. खात्री कशी करायची?

रंगापासून सुरू करा. रासायनिक रंग १८५६ नंतरचे. प्रयोगशाळेत तसा रंग सापडला तर वस्त्र त्याआधीचं नाही, घरातली कथा काहीही असो. मग जर पाहा (प्रश्न १२), वीण पाहा (प्रश्न १०). संस्थानाशी संबंध कापडावरून सहसा सिद्ध होत नाही. त्याला कागद लागतो: इनामपत्र, हिशेबवही, जुना फोटो.

शंभर वर्षांहून जुनं असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली ते खासगीरीत्या परदेशी नेता येत नाही. ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत नको; धुतलेल्या जुन्या सुती कापडात गुंडाळा आणि दर काही महिन्यांनी घडी मोडून नव्या रेषेवर घाला. रेशीम फाटतं ते घडीवर. डांबरगोळ्या कापडाला टेकू देऊ नका. आणि ड्रायक्लीनला देण्याआधी दहादा विचार करा.

२०. ही वस्त्रं कुठे पाहायला मिळतील, आणि 'अमुक राजाचा अंगरखा' अशा पाट्यांवर किती विश्वास ठेवायचा?

अहमदाबादचं कॅलिको म्युझियम सर्वात श्रीमंत. तिथे आधी नोंदणी करावी लागते. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, हैदराबादला सालारजंग, जयपूरला सिटी पॅलेस. जयपुरात सवाई माधोसिंह पहिले यांचे अवाढव्य कपडे आहेत, ते पाहून माणसाच्या देहयष्टीचाच अचंबा वाटतो.

पाटीबद्दल: ज्या घराण्याचा तोशाखाना अखंड राहिला तिथली पाटी बहुधा भरवशाची. आमेर-जयपूरच्या गालिच्यांना तर मागून चिठ्ठ्या शिवलेल्या असत, त्यांवर माप, किंमत, नोंदीची तारीख. बाजारातून विकत घेतलेल्या वस्तूवर नाव असेल तर 'यांचा मानला जाणारा' असं मनातल्या मनात वाचावं. दालनात अंधार ठेवतात म्हणून तक्रारवहीत लिहू नका. उजेडानं रेशमाचा भुगा होतो. डोळे सरावायला दोन मिनिटं थांबा आणि शक्य असेल तिथे काचेच्या बाजूनं वाकून कापडाची मागची बाजू पाहा.